राणे फक्त वांद्र्यातच पडले?

‘नारायण राणे हरले ते मुंबईत, वांद्रे पूर्वला, सिंधुदुर्गात त्यांना कुणी पाडलं नाही,’ हे कणकवलीच्या चहाच्या टपरीवर आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. खोटं आहे. वांद्र्याची पोटनिवडणूक २०१५ ची. त्याआधीच, १९ ऑक्टोबर २०१४ ला, सिंधुदुर्गातल्याच कुडाळमध्ये शिवसेनेच्या वैभव नाईकांनी त्यांना १० हजारांवर मतांनी हरवलं होतं.

गैरसमजाला कारणंही आहेत म्हणा. १९९० पासून मालवणात सलग विजय, पक्ष बदलून २००५ ची पोटनिवडणूकही खिशात, मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ ला कुडाळही. शिवाय वडील पडले त्याच दिवशी शेजारच्या कणकवलीत नितेश निवडून आले, आणि गुलाल उधळला गेला तोच लोकांच्या ध्यानात राहिला असावा. कुडाळ पुन्हा राणेंच्या घरात आलं ते २०२४ ला, नीलेश यांच्यामुळे.