टॉकीज (मराठवाडा)

जुन्या पेठेत, बसस्थानकाजवळ किंवा रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर उभी असलेली एकपडदा चित्रपटगृहाची इमारत. भारतातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्यानंतर बोलपटासाठीचा ‘टॉकी’ हा शब्द इमारतीलाच चिकटला आणि मुके चित्रपट विस्मरणात गेल्यावरही टिकून राहिला.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाड–हैदराबाद मीटरगेज लोहमार्ग १९०० साली सुरू झाला होता आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे त्यावरच होती. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेने येत. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. हिंदी चित्रपटांच्या वितरणात मात्र हा मुलूख ‘निजाम’ सर्किटमध्येच, म्हणजे त्या नावाच्या वितरण विभागातच, राहिला. जालन्याहून देऊळगाव राजा तासाभराच्या वाटेवर. पण ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणून ‘सी. पी. बेरार’ (मध्यप्रांत-वऱ्हाड) या वेगळ्या सर्किटमध्ये. येथील टॉकीजचा इतिहास मुंबईकडे तोंड करून लिहिला जातो, ते अपुरे आहे. त्याची एक वाट हैदराबादकडे जाते.

इमारतीचा जीव बाल्कनीमागच्या ऑपरेटरच्या खोलीत. जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेई, म्हणून खोलीच्या भिंती जाड आणि झरोक्यांना पाडता येणारी लोखंडी झाकणे असत. दोन कार्बन काड्यांमधल्या ठिणगीचा झोत पडद्यावर जाई. काड्या जळून झिजत, तसे त्यांच्यातले अंतर ऑपरेटरला सतत सांभाळावे लागे. जरा चुकले की चित्र काळवंडे आणि खाली पिटात, म्हणजे पडद्यासमोरच्या स्वस्त जागेत, शिट्ट्या सुरू होत. ३५ मि.मी. फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. म्हणून खोलीत दोन यंत्रे असत; पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की दुसरे यंत्र चालू करायचे. हे काम इतके सफाईने होई की प्रेक्षकाला जोड कळतही नसे. जत्रेतल्या तंबूत एकच यंत्र असले तर दर रिळाला थांबावे लागे. पक्क्या टॉकीजचा मान होता तो या अखंड खेळाचा.

पिटातली बाकडी, वर बाल्कनी, बायकांची वेगळी खिडकी, आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणारी गर्दी, हे सगळे व्हिडिओ आणि दूरदर्शन घरोघरी पोचेपर्यंत चालले. पुढे मल्टिप्लेक्स आली, डिजिटल प्रक्षेपणाने पेट्या बंद झाल्या. कित्येक इमारतींची गोदामे, व्यापारी संकुले किंवा मंगल कार्यालये झाली. भिंती उभ्या असतील तर मागच्या भिंतीत प्रत्येक यंत्रासाठीची दोन छिद्रे शोधावीत : एक झोतासाठी, दुसरे ऑपरेटरच्या डोळ्यासाठी.