आईचं माहेरचं आडनाव विचारणारा अर्ज

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठाचा अर्ज हातात आला की कट-ऑफच्या याद्या बघत वाढलेलं आपलं घर बुचकळ्यात पडतं. मार्क उत्तम आहेत, मग निबंध, शिफारसपत्रं, खेळ, नाटक हे सगळं कशाला?

पूर्वी हार्वर्डमध्येही परीक्षाच चालायची. पास झालात, की प्रवेश. पुढे स्थलांतरित ज्यूंची मुलं मोठ्या संख्येने पास होऊ लागली आणि 1922 च्या सुमारास दर पाच विद्यार्थ्यांत एक ज्यू दिसू लागला. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना हे खुपलं. त्यांनी 15 टक्क्यांची मर्यादा सुचवली, पण प्राध्यापकांनी उघड कोटा फेटाळला.

मात्र 1922 मध्येच अर्जात नवे रकाने आले होते: वंश आणि वर्ण, धर्म, वडिलांचं जन्मस्थान, आईचं माहेरचं आडनाव. शिवाय, जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का, असल्यास सविस्तर लिहा. आडनावावरून जात ताडणाऱ्या आपल्या समाजाला या रकान्यांचा अर्थ समजावून सांगायला नको. 1926 मध्ये पहिल्या वर्षाच्या जागांना मर्यादा घातली गेली, ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्वाला वजन आलं, अर्जाला फोटो जोडावा लागला. ज्यू मुलांचं प्रमाण झपाट्याने घसरलं. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी 1929 मध्ये पदवीधर झाले, ते याच हार्वर्डमधून.

म्हणजे ‘सर्वांगीण’ निवडीची मुळं मुलं गाळण्यात आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आज तीच पद्धत जणू निव्वळ उदारपणातून आली असं सांगितलं जातं. उलट्या दिशेनेही ती वापरली गेली, हेही खरं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या राखीव जागांविरुद्ध अ‍ॅलन बॅकी या गोऱ्या अर्जदाराने खटला भरला होता. 1978 च्या त्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डचाच नमुना वाखाणला आणि त्या आधारावर कृष्णवर्णीय मुलांना वाट मिळत राहिली.

पुढे हार्वर्डच्याच प्रवेशपद्धतीविरुद्ध झालेल्या खटल्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांचे ‘वैयक्तिक गुण’ सरासरीने कमी असल्याचं समोर आलं. हेतुपुरस्सर भेदभाव झाला नाही, असं खालच्या न्यायालयाने म्हटलं; पण 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणंच बंद केलं. वंशाचा आपल्या जगण्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहायला मात्र मुभा ठेवली. त्याच ऑगस्टमध्ये हार्वर्डने अर्जात पाच छोटे सक्तीचे प्रश्न घातले. तेव्हा उत्तराची मर्यादा होती प्रत्येकी 200 शब्द.