एक मीटरचा खड्डा: हौशी उत्खननाची पार्श्वभूमी

दर वर्षी जुलैत ब्रिटनमध्ये पुरातत्त्व महोत्सव भरतो. 'कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी' ही संस्था तो भरवते आणि देशभरातली संग्रहालयं, विद्यापीठं, गावोगावची इतिहास मंडळं त्यात आपापले कार्यक्रम लावतात. कुठे गारगोटी फोडून धारदार पातं कसं काढायचं ते शिकवतात, कुठे हाडावरून जनावर ओळखायला, तर कुठे चालू उत्खननात आईबाप आणि मुलं शेजारी शेजारी गुडघे टेकून माती खरवडत असतात. आपल्याकडेही सुट्टीच्या शिबिरांत 'उत्खनन कार्यशाळा' दिसू लागली आहे. तिच्यात बहुतेक वेळा वाळूचा हौद असतो आणि संयोजकांनी सकाळी पुरलेले मणी मुलं दुपारी शोधून काढतात.

तिकडे खरी जमीन आणि इकडे हौद, असं का? एक उत्तर कायद्यात आहे. दुसरं उत्तर समजायला जरा मागे जावं लागतं, कारण लोकांना उत्खननात हात घालू द्यायची रीत तिकडेही शिक्षणाच्या उदात्त हेतूने सुरू झालेली नाही.

सुरुवात तर निव्वळ तमाशाची होती. सप्टेंबर १८४४ मध्ये कँटरबरीला ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशनचं पहिलं अधिवेशन भरलं. प्रतिनिधींच्या करमणुकीसाठी दोन खास कार्यक्रम होते: इजिप्तची एक ममी सर्वांसमोर उलगडणं आणि ब्रीच डाउन्स इथली सॅक्सन काळातली दफनटेकाडं उघडणं. मजुरांनी ती टेकाडं आधीच बरीचशी खणून ठेवली होती, म्हणजे मंडळी जमल्यावर शेवटचा थर काढला की वस्तू हाती! आजच्या वाळूच्या हौदाचं मूळ शोधायचं तर मी ते इथे शोधेन.

तमाशाकडून शास्त्राकडे वळवणारा माणूस म्हणजे जनरल पिट-रिव्हर्स. १८८० मध्ये त्याला वारसाने मोठी जहागीर मिळाली आणि तिथली टेकाडं तो लष्करी शिस्तीने खणू लागला. सोनंनाणं बाजूला ठेवून फुटकी भांडी, खिळे, हाडं अशा किरकोळ वस्तूंची जागेसह नोंद करायचा आग्रह त्याचाच. काम संपलं की आपल्या नावाचं पदक खड्ड्याच्या तळाशी टाकून मग तो माती लोटायला सांगे, पुढच्या खणणाऱ्याला इथे आधीच कुणीतरी येऊन गेलंय हे कळावं म्हणून. गावकऱ्यांसाठी त्याने संग्रहालय आणि बाग उघडली खरी, पण थापी त्यांच्या हाती दिली नाही. लोकांनी पाहावं आणि शिकावं, एवढंच.

लोकांची गरज खऱ्या अर्थाने भासली ती मॉर्टिमर व्हीलरला. डॉर्सेट परगण्यात डॉर्चेस्टरजवळ मेडन कॅसल नावाचा लोहयुगातला प्रचंड टेकडी-किल्ला आहे, मातीचे एकात एक तट असलेला. १९३४ ते १९३७ अशी चार वर्षं व्हीलरने तिथे उत्खनन केलं. १९३६ मध्ये वारेपर्यंत त्याची बायको टेसाही बरोबरीने काम करत होती. हाताखाली दर मोसमाला शंभराच्या आसपास माणसं, त्यांत पगारी मजूर थोडे आणि विद्यार्थी व हौशी स्वयंसेवक पुष्कळ. पैसा मुख्यतः वर्गणीचा. म्हणून व्हीलरने वर्तमानपत्रांना बातम्या पुरवल्या, रस्त्यावर पाट्या लावल्या, गाड्या उभ्या करायला जागा केली, माहिती सांगायला माणसं नेमली. टपालकार्डं विकली. एवढ्यावर भागेना तेव्हा उत्खननात ढिगाने सापडलेल्या बिनमोलाच्या वस्तूही विकायला काढल्या. त्यांत गोफणगुंडे होते. चेसिलच्या समुद्रकिनाऱ्यावरून वेचून आणलेले हे गुळगुळीत गोटे किल्ल्याच्या पूर्व दरवाजाजवळ वीस हजारांहून जास्त निघाले होते. दोन हजार वर्षांपूर्वी शत्रूवर भिरकावायला साठवलेला गोटा घरी न्यायला मिळतोय म्हटल्यावर लोक खूश. आज कुणी असली विक्री केली तर गहजब होईल, पण त्या काळी त्यावर मजुरी भागत होती.

याच उत्खननात एक भारतीय विद्यार्थी काम शिकत होता: हसमुख धीरजलाल सांकलिया. लंडनला पीएचडी करताना ते व्हीलरच्या हाताखाली मेडन कॅसलवर होते. चौकोनी खड्डे, मध्ये सोडलेले मातीचे बांध, बांधाच्या उभ्या कापावर दिसणारे थर आणि प्रत्येक थराची वेगळी पिशवी, ही शिस्त त्यांनी तिथे पाहिली. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि पुढे नाशिक, जोर्वे, नेवासे, इनामगाव ही नावं महाराष्ट्राच्या इतिहासाला जोडली गेली. व्हीलर स्वतः १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक होऊन आला. त्याने तक्षशिलेला प्रशिक्षण वर्ग काढला आणि बी. बी. लाल, बी. के. थापर यांच्यासारखी पुढची पिढी तयार केली.

म्हणजे मेडन कॅसलची शिस्त दोन वाटांनी आपल्याकडे आली. टपालकार्डांचं दुकान मात्र आलं नाही. इथे उत्खननाला पैसा सरकारचा किंवा विद्यापीठाचा, खणायला रोजंदारीवर जवळच्या गावातली माणसं, देखरेखीला विद्यार्थी. वर्गणी नको, त्यामुळे वर्गणीदारही नको. सांकलियांनी सामान्य वाचकांसाठी आवर्जून लिहिलं, पण शनिवार-रविवारी येऊन खड्ड्यात उतरणारा बँकेतला कारकून किंवा शाळामास्तर ही जात आपल्या उत्खननांत निर्माणच झाली नाही. एका अर्थी हे आपल्या पथ्यावरही पडलं, हे कबूल करायला हवं. हौशी हातांनी नासवलेली ठिकाणं युरोपात काही कमी नाहीत.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने बदललं. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शहरांत नव्या इमारतींचे पाये खणले जाऊ लागले आणि खाली रोमन काळ उघडा पडू लागला. सप्टेंबर १९५४ मध्ये लंडनच्या भर व्यापारपेठेत डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना मिथ्र देवाचं मंदिर सापडलं. काम थांबायच्या शेवटच्या दिवशी, १८ तारखेला, देवाचं संगमरवरी शिर मिळालं. बातमी फुटली आणि रांगा लागल्या. दोन आठवड्यांत सुमारे चार लाख माणसं येऊन गेली असा अंदाज आहे. दूरचित्रवाणीवर पुरातत्त्वाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू होता आणि त्याच वर्षी तिथला 'वर्षातला सर्वोत्तम चेहरा' ठरला तो मिशीवाला व्हीलर. एवढं होऊनही इमारत झालीच. मंदिराचे दगड हलवावे लागले.

पुढची तीस-पस्तीस वर्षं वेळेशी शर्यत चालली होती. रस्ते, वाहनतळ, दुकानं यांच्या आधी जे वाचवता येईल ते वाचवायचं. विंचेस्टरला १९६१ ते १९७१, यॉर्कच्या कॉपरगेटला १९७६ ते १९८१ अशी मोठी उत्खननं झाली. विंचेस्टरमध्ये उन्हाळा आला की स्वयंसेवकांचे तांडे येत. ही माणसं कशाला हवी होती? फुकट राबायला, हे सरळ उत्तर. त्या बदल्यात त्यांना जे शिकायला मिळे ते कुठल्याही कार्यशाळेत मिळालं नसतं. मुलांसाठी 'यंग रेस्क्यू' नावाचा क्लब १९७२ मध्ये निघाला, तोच आजचा 'यंग आर्किऑलॉजिस्ट्स क्लब'. त्याच वर्षी हॅम्पशायरमध्ये पीटर रेनॉल्ड्स यांनी बट्सर इथे लोहयुगीन पद्धतीचं शेत उभारलं: कुडाच्या गोल झोपड्या, जुन्या जातींचा गहू, धान्याची पेवं. प्रयोग म्हणून सुरू झालेलं हे शेत पुढे शाळांच्या सहलींचं ठिकाण झालं.

मग १९९० आलं. इंग्लंडमध्ये नियोजनाचं नवं धोरण निघालं आणि जमिनीखाली काही असेल तर त्याचा खर्च बांधकाम करणाऱ्याने सोसायचा, असा पायंडा पडला. पुरातत्त्व वाचलं, पण उत्खनन हा ठेका झाला. शिरस्त्राण, विमा, मुदत, दंड. पगारी माणसांच्या कंपन्या निघाल्या आणि स्वयंसेवक कुंपणाबाहेर गेला. माझ्या मते आज ज्याला आपण 'कुटुंबांसाठी पुरातत्त्व कार्यशाळा' म्हणतो तिचं मूळ या फाटाफुटीत आहे. ज्या हातांची पूर्वी गरज होती त्यांच्यासाठी आता मुद्दाम काम तयार करणं भाग होतं. त्याच वर्षी यॉर्कमध्ये सेंट सेव्हियर या जुन्या चर्चमध्ये एक केंद्र उघडलं, जिथे येणाऱ्याला उत्खननातली खरीखुरी हाडं, शिंपले, खापरं ट्रेमध्ये घालून निवडायला देत. २००६ मध्ये त्याचं 'डिग' झालं. आता तिथे कृत्रिम माती भरलेल्या खड्ड्यांत मुलं खणतात. गर्दी सांभाळायला हे सोपं, हे खरंच. मला जुनं ट्रेचं काम जास्त प्रामाणिक वाटतं.

१९९४ पासून चॅनल फोरवर 'टाइम टीम' दिसू लागला आणि तीन दिवसांत उत्खनन उरकणारी ती मंडळी घराघरांत पोचली. २००३ मध्ये त्यांनी लोकांना आपापल्या परसात एक मीटर लांब-रुंद खड्डा खणायचं आवाहन केलं, तेव्हा बऱ्याच पुरातत्त्वज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नोंदी कोण ठेवणार? खापरं कोण ओळखणार? शंका रास्त होत्या. त्यांना उत्तर मिळालं ते केंब्रिजमधून. 'टाइम टीम'मध्येच काम केलेल्या कॅरेन्झा लुइस यांनी २००५ पासून शाळकरी मुलांना घेऊन गावकऱ्यांच्या परसात असेच खड्डे घ्यायला सुरुवात केली. पुढे गावकरीही उतरले.

पद्धत अगदी साधी. हिरवळ चौकोनी कापून प्लास्टिकवर उलगडून ठेवायची. मग दहा-दहा सेंटिमीटरने खाली जायचं. प्रत्येक थराची माती वेगळी चाळायची आणि चाळणीवर राहील ते सगळं त्या थराच्या ट्रेमध्ये. वरच्या थरांत निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या बशांचे तुकडे, बाटलीची काच, मातीच्या चिलमींच्या पांढऱ्या नळ्या. नशीब असेल तर खाली हिरवट झिलईची मध्ययुगीन खापरं. एकीकडे कुणीतरी टबात टूथब्रशने खापरं धूत असतं. धुतलेली वर्तमानपत्रावर वाळत घालायची, पण थरांची सरमिसळ झाली तर सगळं वाया. दोन दिवसांनी कोरी माती लागली किंवा खड्डा धोकादायक खोल झाला की थांबायचं, सगळं परत भरायचं आणि हिरवळ वर बसवायची.

एका खड्ड्यातून फारसं काही कळत नाही. पण २०१६ मध्ये लुइस यांनी पूर्व इंग्लंडमधल्या ५५ वस्त्यांतल्या दोन हजारांहून जास्त खड्ड्यांची खापरं एकत्र मांडली. चौदाव्या शतकातल्या महाभयंकर प्लेगच्या आधी आणि नंतर किती भांडी फुटली याची तुलना केली, तर नंतरचं प्रमाण जवळजवळ ४५ टक्क्यांनी घटलेलं निघालं. माणसं गेली, भांडी फुटायची थांबली. कागदपत्रांत ज्या गावांचं नावही धड नाही तिथली ही गणती, आणि ती केली शाळकरी मुलांनी व त्यांच्या शेजाऱ्यांनी.

असं आपल्याकडे करता येईल का? आजच्या कायद्यात नाही. इंग्लंडमध्ये संरक्षित स्मारक नसेल तर जमीनमालकाची परवानगी बहुधा पुरते. भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखालच्या नियमांनुसार पुरातत्त्वीय उत्खननाला परवाना लागतो आणि तो संस्थांना मिळतो, हौशी मंडळींना नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, भांडं यांना पुरावस्तूचा दर्जा दिला. त्याही आधीचा १८७८ चा निखात निधी (म्हणजे पुरलेल्या धनाचा) कायदा अजून चालू आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाची माती शेतात टाकायला गाड्या भरभरून नेतात त्या गावांना यातलं किती ठाऊक असतं, हा वेगळाच विषय.

पण खणणं हा पुरातत्त्वाचा छोटा भाग आहे आणि न खणणाऱ्या हौशींची परंपरा महाराष्ट्राला चांगली आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शेतांत सापडणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू जमवल्या आणि त्या संग्रहातून तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. गणिती दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत आणि गारगोटीची नखाएवढी हत्यारं वेचत. महापाषाणी (मोठमोठे दगड रचून केलेल्या प्राचीन) खुणा आणि देवीची ठाणी यांचा संबंध त्यांनी तसाच फिरून जोडला.

कार्यशाळेला खापरं पुरेशी आहेत. ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे पद्धतीच्या भांड्याचा तुकडा नखाने वाजवला तर धातूसारखा खणखणतो. तांबड्या पृष्ठावर काळ्या रेघांची नक्षी असते. काठाचा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर उपडा धरला की मूळ भांड्याच्या तोंडाचा व्यास कळतो. तोटी कुठली, बूड कुठलं, हातावर केलेलं की चाकावर, हे दहा वर्षांचं पोर अर्ध्या तासात सांगू लागतं. मण्यांच्या हौदात त्याला फक्त 'सापडलं' एवढंच कळतं, आणि वस्तू जमिनीतून उपटायची असते हा धडा तर नकोच.

मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने नोकरदारांसाठी पुरातत्त्वाचे अर्धवेळ वर्ग चालवले. त्यातून आणि इतर संस्थांच्या साथीने साष्टी बेटाची, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांची, पायी पाहणी झाली. देवळांच्या आवारात शेंदूर फासलेले वीरगळ, शिलाहारकालीन गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेले लेखाचे दगड), विहिरीच्या काठाला लावलेले कोरीव दगड, असं बरंच नोंदवलं जातं ते अशा पाहण्यांत. मोजपट्टी, कॅमेरा, वही आणि गावातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा एवढंच साहित्य. गद्धेगाळ पुष्कळदा निम्मा जमिनीत असतो आणि लेखाच्या काही ओळीही मातीखाली गेलेल्या असतात. तिथे वहीत 'उर्वरित भाग जमिनीत' असं लिहायचं, फोटो काढायचा आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं.