ओव्हनशिवाय ओट्सची कुकी घट्ट कशी होते?

भाजायचंच नाही, तर ओट्स कच्चेच खायचे का? शंका रास्त आहे. कच्च्या पिठात साल्मोनेला, ई. कोलाय असे जंतू असू शकतात, म्हणून बिस्किटाचं न भाजलेलं पीठ चाखू नये. पाकिटातले चपटे रोल्ड ओट्स मात्र कच्चे नसतात. ओट्सच्या दाण्यात गहू-तांदळापेक्षा स्निग्धांश बराच जास्त असतो आणि तो फोडणारं लायपेज हे विकर (एन्झाइम) ही असतं. दाणा भरडला की हे विकर कामाला लागतं आणि ओट्स खवट होतात. ते थांबवायला कारखान्यात सोललेल्या दाण्यांना वाफ देतात आणि मग रुळांखाली चपटं करतात. थोडक्यात, निम्मं शिजवण्याचं काम आधीच झालेलं असतं.

आता घट्टपणाचं. भाजलेल्या बिस्किटाला ग्लुटेन, स्टार्च, अंड्यातली प्रथिनं आकार देतात. इथे ते काम पाक करतो. अमेरिकेतल्या रूढ कृतीत 2 कप साखर, अर्धा कप दूध, लोणी आणि कोको एकत्र करून मिनिटभर खळखळून उकळतात, मग त्यात पीनट बटर आणि 3 कप ओट्स घालतात. पाणी उडत जातं तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो. 113 अंश सेल्सिअसच्या आसपास पाकात साधारण 85 टक्के साखर उरते आणि थंड पाण्यात सोडलेल्या थेंबाची मऊ गोळी वळते. तिळाचे लाडू करणाऱ्यांना ही गोळी चांगली ओळखीची आहे. निवताना साखरेचे बारीक स्फटिक बनतात, लोणी थिजतं आणि कुकी धरते. उकळी कमी पडली तर ती चिकट राहते, जास्त झाली तर भुसभुशीत होते.

पण 2 कप साखर म्हणजे 400 ग्रॅम! 30 कुकी केल्या तर एकीत 13 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवणं उत्तम, आणि इथे दोन कुकींतच तो आकडा ओलांडतो.

म्हणून मला खजुराची कृती जास्त पटते. 1 कप बिया काढलेला मऊ खजूर, दीड कप ओट्स, अर्धा कप पीनट बटर, चिमूटभर मीठ. पीनट बटर घरीच करा. भाजून सोललेले शेंगदाणे मिक्सरमध्ये फिरवले की आधी कूट होतो, मग त्याचे गोळे भांड्याच्या कडेला चिकटतात. तिथे थांबू नका. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, ते सुटलं की कूट सैल होऊन वाहू लागतो. खजुरात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. हे मिश्रण सहज स्फटिक धरत नाही आणि ओलावाही सोडत नाही, म्हणून कुकी मऊ, चिवट राहते. वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या की ओट्स खजुराचा ओलावा शोषतात आणि गोळा आवळतो.

खजूर वापरला म्हणून या कुकीला ‘शुगर-फ्री’ म्हणणं मात्र चूक आहे. खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, फक्त सोबत चोथा येतो. मधुमेह असलेल्यांनी ती हिशेबातच धरावी. कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करणारा बीटा-ग्लुकन हा तंतूही ओट्समध्ये आहे, पण त्याचा उपयोग व्हायला रोज 3 ग्रॅम पोटात जावा लागतो, म्हणजे सुमारे 75 ग्रॅम ओट्स. एका कुकीत जेमतेम 8 ग्रॅम ओट्स येतात.

खोबरेल घालायचं असेल तर उन्हाळ्यात कुकी फ्रिजमध्येच ठेवा. ते 24-25 अंशांनाच वितळतं.