बॉरो आणि लेंडला एका बाकावर बसवू नका

‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ यातल्या ‘बॉरो’वर लाल फुली मारून वर ‘लेंड’ लिहिलेलं मी कितीतरी वह्यांत पाहिलंय. काही फुल्या माझ्याच हातच्या. पुढच्या आठवड्यात तेच मूल ‘आय लेंट अ बुक फ्रॉम हिम’ लिहून आणतं. मग फळ्यावर दोन रकाने आखायचे: डावीकडे बॉरो म्हणजे उसनं घेणं, उजवीकडे लेंड म्हणजे उसनं देणं. शेजारी शेजारी ठेवलं की फरक कळतो, ही आपली समजूत. फळ्यावर तो कळतोही. घोटाळा होतो तो नंतर, आठवताना.

१९३१ मध्ये मॅकगिओ आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांकडून दहा विशेषणं पाठ करून घेतली. मग मध्ये दुसरंच काहीतरी दिलं आणि पहिली दहा विचारली. मध्ये नुसती विश्रांती असताना सरासरी ४.५ शब्द आठवले. आकडे पाठ करायला दिले तेव्हा ३.६८. पण विरुद्धार्थी शब्द दिले तेव्हा १.८३ आणि समानार्थी दिले तेव्हा अवघे १.२५! नवं जितकं जुन्यासारखं, तितकं ते जुन्याला पुसतं. विरुद्धार्थी शब्दही या हिशेबात ‘सारखेच’ ठरले, हे मला फार आवडतं.

कारण शब्द आठवतो तो कुठलातरी धागा ओढल्यावर. ‘उसनं’ हा धागा ओढला की बॉरो आणि लेंड दोन्ही हलतात. तास तोच, फळा तोच, उदाहरणातलं पेनही तेच. म्हणजे सगळे धागे दोघांना बांधलेले. वेगळी फक्त दिशा. मराठीत ‘उसनं’ एकच असतं आणि दिशा ‘घेणं’, ‘देणं’ सांभाळतात. इंग्रजीत ती शब्दाच्या पोटात दडलेली. परीक्षेत मुलाला आठवावं लागतं ते अर्थ नव्हे, तर कोणता शब्द डाव्या रकान्यात होता ते.

म्हणून आधी एकटा बॉरो. तोही ‘बॉरो फ्रॉम’ असा जोडूनच, निरनिराळ्या वाक्यांत, तोंडात बसेपर्यंत. लेंडचं नावही काढायचं नाही. तो नंतर, ‘लेंड टू’ म्हणून. दोन्ही पक्के झाले की मात्र सरमिसळ वाक्यं द्यायची, कारण आता निवड करायला शिकायचंय. अॅफेक्ट (परिणाम करणं) आणि इफेक्ट (परिणाम) यांचंही तसंच: ‘साइड इफेक्ट’ सगळ्यांना ठाऊक असतो, तिथूनच सुरुवात करावी.

‘तुमचं मूल डोळ्यांनी शिकणारं की कानांनी?’ असं विचारून वेगळी पद्धत विकणारे भेटतील. या वर्गवारीप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. राशीभविष्याच्याच जातीचं प्रकरण ते.

‘स्टेशनरी’ मात्र वेगळी. थांबलेली गाडी आणि वह्या-पेनं, दोन्हींचा उच्चार एकच. फरक शेवटून तिसऱ्या अक्षरात, ए की ई. तिथे कान उपयोगाचा नाही. वह्या-पेनांच्या शब्दात ई, ‘एन्व्हलप’चीही सुरुवात ई नं, एवढी खूण हाताला लावून द्यायची.