मानद डॉक्टरेट

प्रवेश, परीक्षा वा प्रबंध यांची अट न ठेवता, केवळ कर्तृत्वाचा गौरव म्हणून विद्यापीठाने दिलेली सर्वोच्च पदवी. साहित्य व कलांसाठी डी.लिट., विज्ञानासाठी डी.एससी. आणि कायदा किंवा सार्वजनिक कार्यासाठी एलएल.डी. ही तिची रूढ रूपे. दीक्षान्त समारंभात मानपत्र वाचून ती प्रदान करतात.

या प्रथेची सर्वांत जुनी ज्ञात नोंद ऑक्सफर्डची, १४७८ च्या सुमाराची आहे. पदवीचा मानकरी होता लायनल वुडव्हिल, इंग्लंडच्या राजाचा मेहुणा. सत्ताधाऱ्यांची मर्जी राखण्याचा मोह या पदवीला जन्मापासूनच चिकटलेला आहे, तो असा. जेमतेम दोन वर्षे शाळेत गेलेल्या बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन शास्त्रज्ञ-मुत्सद्द्याला सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने १७५९ मध्ये डॉक्टर केले आणि पुढे जग त्याला ‘डॉ. फ्रँकलिन’ म्हणूनच ओळखू लागले. आज मात्र मानद पदवीधारकाने नावामागे ‘डॉ.’ लावू नये, असा संकेत आहे आणि तो पाळायलाच हवा. मान्यता नसलेल्या संस्था शुल्क घेऊन ज्या ‘डॉक्टरेट’ वाटतात, त्यांचे गिऱ्हाईक या एका अक्षरासाठीच पैसे मोजते.

पदवी कोणाला द्यावी, यावरून विद्यापीठांत वाद झडतात. शिक्षणावरील खर्चकपातीच्या रागातून ऑक्सफर्डच्या अध्यापकांनी १९८५ मध्ये ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना पदवी देण्याचा प्रस्ताव ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला. झिंबाब्वेचे तत्कालीन अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना दिलेली पदवी एडिनबरो विद्यापीठाने २००७ मध्ये काढून घेतली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तर अशी पदवी देतच नाही.

योग्य माणूस निवडला की पदवी देणाऱ्याचीही शोभा वाढते. ७ ऑगस्ट १९४० रोजी ऑक्सफर्डने रवींद्रनाथ टागोरांसाठी थेट शांतिनिकेतनात पदवीदान समारंभ भरवला. मानपत्र लॅटिनमध्ये वाचले गेले. एकोणऐंशी वर्षांच्या कवीने उत्तर दिले ते संस्कृतमध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण त्याहून वेगळे. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी प्रबंध लिहून १९२७ मध्येच मिळवली होती. त्याच विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी त्यांना न्यूयॉर्कला बोलावून मानद एलएल.डी. दिली, ती राज्यघटनेचे शिल्पकार आणि मानवी हक्कांचे खंबीर पुरस्कर्ते म्हणून.