उदारमतवादी त्रिवर्ष (स्पेन)

स्पेनमध्ये मार्च १८२० ते ऑक्टोबर १८२३ या काळात चाललेली घटनात्मक राजवट; स्पॅनिशमध्ये ‘त्रिएनियो लिबेराल’. स्पेनचा राजा सातवा फेर्नांदो १८१४ साली फ्रान्सच्या कैदेतून परतला आणि लगेच त्याने दक्षिणेकडील कादिस बंदरात तयार झालेली, राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी १८१२ची राज्यघटना रद्द केली, इन्क्विझिशन (धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय) पुन्हा सुरू केले, घटनेच्या पुरस्कर्त्यांना तुरुंगात डांबले. अमेरिकेतील वसाहतींवर पाठवण्यासाठी कादिसजवळ जमवलेल्या फौजेतूनच मग उठाव झाला. १ जानेवारी १८२० रोजी राफाएल दे रिएगो या सेनाधिकाऱ्याने लास काबेसास दे सान हुआन या गावी घटनेची द्वाही फिरवली. त्याची तुकडी अंदालुसियात हिंडता हिंडता जवळजवळ संपली होती. तेवढ्यात ला कोरुन्यासारखी शहरे उठली. ९ मार्चला राजाने घटनेची शपथ घेतली.

खरी अडचण या शपथेतच होती. घटनेनुसार मंत्री नेमण्याचा व काढण्याचा अधिकार राजाकडेच राहिला, आणि राजाला घटनाच नको होती. आर्ग्वेयेससारखे तुरुंगातून सुटलेले नेते मंत्री झाले, त्यांना तो ‘कैदी’ म्हणे. सरंजामी हक्क मोडणारा कायदा त्याने दोनदा परत पाठवला. जुलै १८२२ मध्ये राजाच्या शरीररक्षक दलाने बंड केले. माद्रिदच्या नागरी सेनेने ते मोडून काढले. तोवर उदारमतवादीही मवाळ आणि जहाल अशा दोन गटांत फाटले होते.

या राजवटीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी लिलावात काढल्या, दशमांश (चर्चला द्यावा लागणारा पिकाचा दहावा हिस्सा) निम्म्यावर आणला. पण जमिनी घेतल्या पैसेवाल्यांनी. कुळाच्या वाट्याला रोखीचा कर आला, आणि गावचा पाद्री या राजवटीविरुद्ध बोलू लागला की त्याचे म्हणणे कुळाला पटे.

७ एप्रिल १८२३ रोजी ‘संत लुईचे एक लाख पुत्र’ म्हणवणारे फ्रेंच सैन्य राजाची अनियंत्रित सत्ता परत आणण्यासाठी सीमेवरील बिदासोआ नदी ओलांडून आले. १८०८ मध्ये फ्रेंचांशी प्राणपणाने लढलेला ग्रामीण स्पेन या वेळी बहुतांशी स्वस्थ बसला. सरकार राजाला घेऊन सेव्हिल, मग कादिसला हटले. १ ऑक्टोबरला राजा सुटला आणि त्याने तीन वर्षांचे सगळे कायदे रद्द ठरवले. ७ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये रिएगोला फाशी दिले.

स्पेनच्या या क्रांतीने नेपल्स व पोर्तुगालमध्येही १८२० सालीच उठाव घडवले. पोर्तुगालमार्गे ही लाट गोव्यात पोहोचली: १८२१ मध्ये व्हाइसरॉय रिओ पार्दो याला पदच्युत करण्यात आले, आणि लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा व कोन्श्तांसिओ रोक द कोश्ता हे गोमंतकीय निवडले गेले.